शब्दांना स्वभाव असतो

एखाद्याच्या तोंडाची टकळी सुरू झाली, असे आपण सहज म्हणतो. कुणी पाल्हाळ लावतो, कुणी समोरच्याचे डोके खातो. फार बोलणाऱ्याला नावे ठेवण्यात इंग्रजीही मागे नाही. हल्ली आपल्या कितीतरी मुलामुलींना परदेशी सहकाऱ्यांशी रोज इंग्रजीत बोलावे लागते. त्यांना मी एवढेच सांगेन, की शब्दाचा अर्थ कळला तरी त्याचा स्वभाव कळायला हवा.

‘चॅटरबॉक्स’ हा मवाळ शब्द. बडबड्या मुलाला आई कौतुकानेही तसे म्हणते. ‘विंडबॅग’ म्हणजे वाऱ्याची पिशवी. लांबलचक आणि पोकळ बोलणाऱ्याला तो लागतो. तोंडावर म्हटला तर भांडणच! ‘मोटरमाउथ’ हा आपल्या टकळीचा नातलग, दोन्हीकडे तोंडाला यंत्र लावलेले. ‘गिफ्ट ऑफ द गॅब’ मात्र बहुधा स्तुती. आयर्लंडमध्ये कॉर्कजवळच्या ब्लार्नी किल्ल्यातील एका दगडाचे उलटे वाकून चुंबन घेतले, की ही वाक्पटुता मिळते, अशी समजूत आहे.

‘रॅबिट ऑन’ ऐकून आपण बुचकळ्यात पडतो. ससा कधी बडबडतो का? याचे मूळ लंडनच्या कॉकनी बोलीत आहे. तिथे ‘टॉक’शी यमक जुळवून ‘रॅबिट अँड पोर्क’ म्हणत. पुढे यमकाचा ‘पोर्क’च गळाला आणि ससा तेवढा उरला.

‘वॉफल’ अधिक फसवा. ब्रिटिश माणसाच्या तोंडी त्याचा अर्थ मुद्दा सोडून बोलत राहणे. अमेरिकन माणसाच्या तोंडी बहुधा धरसोड करणे. साहेब कुठला आहे हे ठाऊक नसेल, तर त्याची टीका नेमकी कशावर आहे तेच कळणार नाही.

यातले बरेच शब्द बायकांना चिकटवले गेले. चॅस अँड डेव्ह या लंडनच्या जोडीचे १९८० मधील ‘रॅबिट’ हे गाणे अशाच एका बोलक्या स्त्रीविषयीची लाडिक तक्रार आहे. पण २००७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ३९६ विद्यार्थ्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून मोजले, तेव्हा मुले आणि मुली दोघेही दिवसाला सरासरी सुमारे १६ हजार शब्द बोलत असल्याचे दिसले. २०२५ मधील मोठ्या अभ्यासात मध्यम वयाच्या स्त्रिया काहीशा अधिक बोलतात असे आढळले. पण माणसामाणसांतला फरक त्याहून कितीतरी मोठा निघाला.

तेव्हा हे शब्द ऐकून समजावेत, वाचून हसावे. वापरताना मात्र समोर कोण आहे ते पाहावे. मित्राला चालणारी थट्टा वरिष्ठाला चालेलच असे नाही. आणि सहकारी स्त्रीला ‘चॅटरबॉक्स’ म्हणण्याआधी त्याच बैठकीत पुरुष किती वेळ बोलले, तेही एकदा घड्याळात बघावे!

(नभोवाणी भाषण : संपादित)