हौसेची नाणी घ्या, पण लाखाच्या गोष्टींना भुलू नका

नांदेड व लातूर भागातील उरूस, जत्रा आणि आठवडी बाजारात चादरीवर जुनी नाणी, पितळी पदके व तांब्याचे टोकन मांडून बसलेले विक्रेते दिसतात. किरकोळ पैशात जमणारा हा छंद चांगला आहे. मात्र 'हे नाणे लाखाला जाते' असे कोणी सांगितले की घात होतो. भंगार, भांडी आणि सराफीच्या दुकानांत असा माल नेहमी येतो. म्हणून आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांसाठी ही माहिती देत आहोत.

कधीच न चाललेली नाणी

हनुमान किंवा रामदरबाराचे चित्र, मागे 'ईस्ट इंडिया कंपनी', 1818 साल आणि अर्धा आणा, असे तांब्याचे नाणे सर्वांनी पाहिले असेल. कंपनीने असे नाणे कधीच काढले नाही. तिचा 1835 सालचा खरा अर्धा आणा पाहा. त्यावर कंपनीचे राजचिन्ह आहे, देवाचे चित्र नाही.

मदिना शरीफचे चित्र व 1450 हा आकडा असलेले टोकनही असेच. आकडा इसवी सन मानला तर मदिनेच्या नाण्यावर तो कशाला येईल? हिजरी मानला तर ते साल अजून उजाडलेलेच नाही. श्रद्धेने घरात ठेवायला हरकत नाही, पण ते पुराणे नाणे नव्हे.

गुरू नानक, बाला व मर्दाना यांची आकृती आणि 1804 हा आकडा असलेली टोकनेही विक्रीस येतात. हा आकडा विक्रम संवताचा, म्हणजे इसवी सन 1747 चा आहे. पण ही धार्मिक टोकने बहुतांशी नंतरच्या काळात बनली. आकड्यावरून वय ठरवू नये.

आपल्या भागाचे खरे नाणे

खरा संग्रह करायचा तर आपल्याच मुलखात माल आहे. नांदेड व लातूर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होते आणि येथे हाली सिक्का चालत असे. इंग्रजी शंभर रुपयांना हाली सुमारे 116 रुपये 11 आणे पडत. रुपयावर चारमिनार आहे. त्याच्या कमानीत 'मीम' अक्षर असेल तर नाणे मीर महबूब अली खान यांच्या काळचे, 'ऐन' असेल तर मीर उस्मान अली खान यांच्या काळचे. मध्ये भोक असलेली दोन पै आणि चौकोनी आणा ही तांबूस नाणी नवख्याला परवडतात.

सराफांनी एक लक्षात ठेवावे. हाली रुपयात चांदी सुमारे 82 टक्के, तर इंग्रजांच्या जुन्या रुपयात सुमारे 92 टक्के होती. दोन्हींचा भाव एक धरू नये.

पारख कशी करावी

ओतीव नाण्याचा पृष्ठभाग खरखरीत असतो आणि कडेला सांध्याची रेघ दिसते. काट्यावर वजन करा. हाली रुपया सुमारे 11.2 ग्रॅम भरतो. चुंबकाला चिकटणारा 'चांदीचा' रुपया परत करा. चिंच किंवा पॉलिश लावून नाणे घासू नका आणि हारासाठी त्याला कडी डाकू नका; संग्राहकाच्या लेखी त्याची किंमत उतरते.

कायदा आणि फसवणूक

'तांदूळ ओढणारे नाणे' ही सरळ लूट आहे. तांदळात लोखंडाचे कण मिसळून चुंबकाने तमाशा दाखवतात. रिझर्व्ह बँकेच्या नावाने जुन्या नाण्यांच्या व्यवहारासाठी शुल्क वा कमिशन मागणाऱ्यांपासून सावध राहण्याचा इशारा बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये दिला आहे. बँक असा व्यवहार करीत नाही. शंभर वर्षांहून जुने नाणे परदेशी नेण्यास 1972 च्या कायद्याने मनाई आहे. चलनातील नाणी वितळवणे हा 2011 च्या नाणे कायद्याप्रमाणे गुन्हा आहे.

कारागिरांना संधी

पदके घडवणे हा मात्र हलाल आणि चांगला धंदा आहे. शाळा, स्पर्धा व समारंभांना पदके लागतात. उदगीरला लागून असलेल्या बीदरचे बिदरी काम जगात नावाजलेले आहे. काळ्या धातूत चांदी जडवलेले छोटे पदक शौकीन आनंदाने घेईल. पदकाच्या मागे आपले नाव आणि चालू साल कोरा. जुने साल कोरून मिळणारा नफा एकदाच मिळतो, नावाने विकलेल्या मालाचे गिऱ्हाईक पुन्हा येते.