सेल्युलाइट व बाह्यलेपांची परीक्षणे

सेल्युलाइट : मांड्या, नितंब व क्वचित पोट या भागांतील त्वचेवर दिसणाऱ्या खळगेयुक्त, संत्र्याच्या सालीसारख्या उंचसखलपणास सेल्युलाइट म्हणतात. ‘पेशीमय ऊतकाचा दाह’ या अर्थी हा शब्द १८७३ च्या एका फ्रेंच वैद्यक कोशात प्रथम आढळतो. परंतु प्रस्तुत अवस्थेत दाह असतोच असे नाही. जंतुसंसर्गाने होणाऱ्या सेल्युलायटिस या गंभीर विकाराशी तिचे नामसाम्य आहे, एवढेच. पौगंडावस्थेनंतर बहुसंख्य स्त्रियांत ती कमीअधिक प्रमाणात दिसते. त्यामुळे तिला रोग म्हणावे की स्त्रीदेहाचे स्वाभाविक लक्षण मानावे, हा वाद आहे. न्यूर्नबर्गर व म्यूलर या जर्मन त्वचातज्ञांनी १९७८ मधील आपल्या निबंधात तिला ‘कल्पित रोग’ म्हटले, ते याच अर्थाने.

रचना : याच निबंधात त्यांनी सेल्युलाइटचा शरीररचनात्मक आधार दाखवून दिला. त्वचेखालील वसा (चरबी) संयोजी ऊतकाच्या पडद्यांनी कप्प्याकप्प्यांत विभागलेली असते. पुरुषांत हे पडदे तिरपे व एकमेकांस छेदणारे असतात. स्त्रियांत ते बव्हंशी त्वचेस लंब असतात. कप्प्यांतील वसा वर दाबली जाते आणि पडदे मात्र त्वचेस खाली ओढून धरतात. गादीला जागोजागी टाके घातल्यावर मधला कापूस फुगून येतो, तशी ही स्थिती होय. कृश स्त्रियांतही सेल्युलाइट दिसतो आणि वजन घटूनही तो पुष्कळदा नाहीसा होत नाही, याचे कारण यात सापडते.

लेपांमागील कल्पना : कॅफीन, थिओफायलीन व ॲमिनोफायलीन हे झँथीन वर्गीय पदार्थ फॉस्फोडायएस्टरेज या एंझाइमाला रोधतात. परिणामी वसा कोशिकेतील चक्रीय एएमपी वाढून साठलेल्या वसेचे विघटन वेगाने होते. परीक्षानळीतील कोशिकांत हे निश्चित घडते. तथापि मांडीवर चोळलेला लेप हे कार्य करील की नाही, हा वेगळा प्रश्न आहे. कॅफिनाचा रेणुभार सु. १९४ असल्याने ते बाह्यत्वचेच्या शृंगस्तरातून पार होऊ शकते. पण अंतस्त्वचेत पोहोचताच केशवाहिन्यांतील रक्त त्याचा बराच अंश वाहून नेते. खोलवरच्या वसेपर्यंत पुरेशी मात्रा पोहोचली असे मानले, तरी खळगे पाडणारे पडदे जसेच्या तसे राहतात. [→ त्वचा].

परीक्षणाची पद्धती : अशा लेपाची परीक्षा वाटते तितकी सोपी नाही. छायाचित्रातील प्रकाश थोडा बाजूने पडला, तर खळगे गडद दिसतात; समोरून पडला, तर ते पुसट होतात. मोजपट्टी किंचित आवळली की मांडीचा घेर घटतो. शिवाय रोज दोन वेळा केलेल्या मर्दनाचा व त्वचेस मिळालेल्या ओलाव्याचाही तात्पुरता परिणाम दिसतो. म्हणून एका मांडीस औषधयुक्त व दुसऱ्या मांडीस औषधविरहित, पण अन्यथा तसाच लेप लावावा, कोणता कोणत्या बाजूस हे यादृच्छिक रीतीने ठरवावे आणि ते स्त्रीस वा परीक्षकास कळू देऊ नये, ही पद्धत उत्तम ठरते. यात त्या स्त्रीचीच दुसरी मांडी तुलनेस उपलब्ध होते व आहार, वजन, मासिक पाळी यांचे परिणाम दोन्ही बाजूंस सारखेच होतात. लेपाच्या डबीवरील ‘आधी’ व ‘नंतर’ची चित्रे यांपैकी एकही अट सहसा पाळत नाहीत.

निष्कर्ष : ग्रीनवे व ब्रे यांनी १९८७ मध्ये स्थूल स्त्रियांत उपचार केलेल्या मांडीचा घेर दुसरीपेक्षा अधिक घटल्याचे नोंदविले. पण घेर व खळगे या भिन्न गोष्टी होत, हे पुढे बाजारात विसरले गेले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बारा आठवड्यांच्या नियंत्रित परीक्षणात ५२ स्त्रियांनी अखेरपर्यंत भाग घेतला. ॲमिनोफायलीन लावलेला व न लावलेला पाय यांत लक्षणीय फरक आढळला नाही. खुद्द स्त्रियांच्या मते औषध लावलेल्या ३५ पायांपैकी केवळ ३ सुधारले होते. रेटिनॉल (अ जीवनसत्त्वाचा एक प्रकार) अंतस्त्वचेतील कोलॅजेन वाढवू शकत असल्याने त्याच्याकडून अधिक अपेक्षा होती. १५ स्त्रियांवरील सहा महिन्यांच्या परीक्षणात (२०००) त्वचेची लवचिकता सु. १० टक्क्यांनी वाढली, मात्र ठळक उंचसखलपणा जवळजवळ तसाच राहिला. २०१४ मधील एका संकलित विश्लेषणात लेपांमुळे मांडीच्या घेरात पडलेला सरासरी फरक अर्ध्या सेंटिमीटरहून किंचित कमी निघाला. अशी घट संख्याशास्त्रदृष्ट्या खरी असली, तरी डोळ्यांना दिसेलच असे नाही, आणि तेवढ्यासाठी मोजावी लागणारी किंमत मात्र अल्प नसते.

दुष्परिणाम सहसा किरकोळ असतात. ॲमिनोफायलिनातील एथिलीनडायअमाइन या घटकामुळे काहींना स्पर्शजन्य त्वचादाह होतो. रेटिनॉलाने त्वचा लाल होऊन सोलवटते.

कायदेशीर बाजू : भारतातील औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० नुसार सौंदर्यप्रसाधन म्हणजे शुद्धी, शोभा वा रूपबदल यांसाठी शरीरावर लावावयाचा पदार्थ. शरीराच्या रचनेवर वा कार्यावर परिणाम करण्यासाठी असलेला पदार्थ औषधांत मोडतो. अमेरिकेच्या १९३८ च्या कायद्यातही अशीच विभागणी आहे. त्यामुळे उत्पादकांची विचित्र कोंडी होते : लेप खरोखरच वसा विरघळवीत असेल तर तो औषध ठरून कडक परीक्षणास पात्र होतो, नसेल तर जाहिरात खोटी ठरते. ‘त्वचा नितळ भासते’ यांसारखी संदिग्ध शब्दयोजना या कोंडीतूनच जन्मास आली. यूरोपीय संघाने २०१३ च्या नियमांन्वये प्रसाधनांविषयीच्या दाव्यांना पडताळता येईल असा पुरावा आवश्यक केला आहे.