ताटांतला भात आणि तळ्यांतला देवभात

मधल्या सुटींत आमच्या शाळेच्या व्हरांड्यांत डबे उघडले जातात, तेव्हां क्षणभर तिकडे लक्ष द्यावें. एकाच्या डब्यांत वाडा कोलमचा बारीक, मोकळा भात असतो. दुसऱ्याच्या डब्यांत आंबेमोहोराचा मऊ व सुवासिक भात. तिसऱ्याच्या आजीनें लाल तांदळाच्या पिठाची भाकरी धाडलेली असते. आणि चौथा पोहे खात असतो. हें सारें कशाचें, असें विचारलें तर चौघेही एकच उत्तर देतील, 'तांदळाचें, दुसऱ्या कशाचें!' ह्या साध्या उत्तरामागें केवढी मोठी सृष्टि दडलेली आहे, आणि तिचा एक भाग आपल्या डोळ्यांदेखत कसा नाहींसा होत आहे, हें विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस सांगावें, ह्या हेतूनें आम्ही हा लेख लिहीत आहों.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत ठेवावी, कीं भात हें एक गवत आहे. मुंबईच्या सेंट झेव्हियर्स कॉलेजांतील वनस्पतिशास्त्रज्ञ फादर एथेलबर्ट ब्लॅटर व त्यांचे सहकारी चार्ल्स मॅक्‌कॅन ह्यांनीं मुंबई इलाख्यांतील गवतांवर लिहिलेला ग्रंथ १९३५ सालीं, म्हणजे फादर ब्लॅटर निवर्तल्यानंतर वर्षभरानें, प्रसिद्ध झाला. गवतासारख्या क्षुद्र वस्तूवर एवढे परिश्रम कशाला, असें कोणास वाटेल. परंतु भात, गहूं, ज्वारी, बाजरी, नाचणी व ऊंस हीं सर्व गवतेंच होत. ज्या गवतानें मनुष्याला जगविलें, त्याचीं रानांत राहिलेलीं भावंडें कोण व कोठें आहेत, हें शोधणें क्षुद्र कसें म्हणावें? भाताच्या कुळाला शास्त्रज्ञ 'ओरायझा' म्हणतात. ह्या कुळांत सुमारें २४ जाती आहेत. त्यांपैकीं मनुष्यानें लागवडीस आणलेल्या फक्त दोन : एक आपला आशियाई भात, व दुसरा पश्चिम आफ्रिकेंतील. बाकी साऱ्या रानटी.

आतां आपल्या घराजवळ येऊं. ज्या साष्टी बेटावर आज अंधेरी, बोरिवली, मुलुंड व घाटकोपर हीं उपनगरें दाटीनें उभीं आहेत, तेथें एके काळीं गांवोगांव भाताचीं खाचरें होतीं. पावसाच्या तोंडावर राब भाजलेल्या जागेंत बीं टाकावें, रोप वर आलें कीं चिखलणी करून लावणी करावी, आणि पाऊस सरतां सरतां विळे परजावे, असा तेथील वर्षक्रम असे. परंतु साऱ्या शेतांत एकच भात नसे. उंचवट्याच्या, पाणी लवकर निथळून जाणाऱ्या जमिनींत हळवा, म्हणजे लवकर पिकणारा भात लावीत. सखल, पाणथळ खाचरांत गरवा, म्हणजे उशिरा पिकणारा. आणि मधल्या जागीं निमगरवा. उत्तर कोंकणांत खाडीच्या कांठीं बांध घालून समुद्रापासून जी खार जमीन मिळविलेली असे, तेथें मात्र ह्यांपैकीं एकाचाही निभाव लागत नसे. तेथें लाल दाण्याचा 'राता' पेरीत. त्यांतही 'काळा राता' व 'भुरा राता' असे भेद होते.

नवें पीक हातीं आलें म्हणजे हिंदु घरांत नवान्नाचा विधि होई, आणि साष्टींतील ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोक ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारीं 'आगेरा' करून नव्या लोंब्या आशीर्वादासाठीं देवळांत नेत. आगेरा आजही होतो. परंतु ज्या शेतांतून त्या लोंब्या येत, तीं शेतें बहुतेक नाहींशीं झालीं आहेत.

शेतकऱ्यानें हे इतके प्रकार केवळ हौसेनें बाळगले नव्हते. पाऊस लवकर उघडला तर गरव्याचे दाणे पोंचट राहत, पण हळवा तोंवर घरांत आलेला असे. उलट ऐन फुलोऱ्यांत झड लागली तर हळव्याचा नाश होई, पण गरवा मागाहून फुलावर येऊन घर सांवरी. कोणत्याही वर्षीं कांहीं तरी बुडे. परंतु सगळेंच एकदम बुडत नसे. भिन्नता हीच त्याची शिल्लक होती.

ही भिन्नता दाण्यांत येते तरी कोठून? प्रत्येक सजीवाच्या पेशींत त्याच्या घडणीचा एक लेख असतो. तो चार अक्षरांच्या लिपींत लिहिलेला आहे, असें समजावें. त्यांतील एकेका अर्थपूर्ण वाक्याला 'जनुक' म्हणतात. भाताचा हा संपूर्ण लेख अनेक देशांच्या शास्त्रज्ञांनीं मिळून वाचला व २००५ सालीं प्रसिद्ध केला. त्यांत आपल्या देशाचाही वाटा होता. सुमारें ३९ कोटी अक्षरांचा हा लेख १२ गुणसूत्रांवर, जणुं १२ खंडांत, विभागलेला आहे. कोलम व आंबेमोहोर ह्यांचे लेख बहुतांशीं सारखेच. परंतु कोठें एखादें अक्षर बदललेलें, कोठें एखादा तुकडा गळलेला. आंबेमोहोराला आंब्याच्या मोहोराचा वास येतो, तो अशाच सूक्ष्म भेदामुळें : सुगंधी भातांत एका जनुकाचें काम बंद पडलेलें असतें, आणि त्यामुळें एक सुवासिक द्रव्य दाण्यांत सांठून राहतें.

ह्या लेखाची मूळ प्रत पाहावयाची असेल तर शेत सोडून तळ्याच्या कांठीं जावें लागेल. तळीं, ओहोळ व पाणथळ खड्डे ह्यांत पावसाळ्यांत भातासारखेंच एक गवत उगवतें. त्याला आपल्याकडे देवभात म्हणतात. मनुष्यानें न नांगरलेल्या, न पेरलेल्या जमिनींतलें तें धान्य. म्हणूनच ऋषिपंचमीसारख्या, बैलाच्या श्रमाचें अन्न वर्ज्य मानणाऱ्या व्रतांत अशा धान्यास मान असतो. त्याच्या दाण्याला लांब कुसळ असतें, तूस काळपट असतें, आणि आंतला तांदूळ लाल निघतो. दाणा पिकला न पिकला तोंच गळून चिखलांत पडतो. वनस्पतीच्या दृष्टीनें हा गुणच होय, कारण त्यामुळें तिचा वंश पुढें चालतो. परंतु विळा घेऊन आलेल्या मनुष्याच्या हातीं रिकामी लोंबीच लागते.

चीनमध्यें यांगत्से नदीच्या खोऱ्यांत सुमारें ९,००० वर्षांपूर्वीं, किंवा त्याच्याही आधीं, मनुष्यानें ह्या रानटी गवताला माणसाळविण्यास आरंभ केला. गंगेच्या खोऱ्यांतही भाताचा उपयोग फार प्राचीन आहे. ज्या रोपांचे दाणे लोंबीला चिकटून राहिले, तेच मनुष्याच्या टोपलींत आले व तेच पुढल्या वर्षीं पेरले गेले. २००६ सालीं शास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें, कीं दाणा न गळण्याच्या ह्या गुणांत ज्या एका जनुकाचा मोठा वाटा आहे, त्यांत अवघ्या एका अक्षराचा पालट झालेला आहे. तसेंच आपण ज्याला शुद्ध पांढरा तांदूळ म्हणतों, तोही बहुतेक ठिकाणीं एका जनुकांतील १४ अक्षरें गळाल्याचा परिणाम आहे. मूळ रंग लालच. तेव्हां डब्यांतील लाल भाकरीकडे पाहून जो नाक मुरडतो, त्यानें लक्षांत ठेवावें कीं जुना रंग त्या भाकरीचाच आहे.

परंतु ह्या माणसाळविण्यांत एक मोठी हानिही झाली. मनुष्यानें तळ्यांतील थोडींच रोपें निवडलीं; बाकीचीं तेथेंच सोडलीं. त्या सोडलेल्या रोपांत जे गुण होते, ते शेतांत आलेच नाहींत. म्हणून आजही रानटी भातांत जितकें वैविध्य आहे तितकें लागवडीच्या भातांत नाहीं.

मागें राहिलेल्या ह्या ठेव्याची किंमत किती, हें एका प्रसंगावरून कळेल. १९६० नंतरच्या काळांत आशिया खंडांत नव्या, भरघोस पिकणाऱ्या भाताच्या जाती पसरल्या. दूरदूरच्या शेतांत एकसारखा भात डोलूं लागला. तपकिरी तुडतुडे ह्या किडीबरोबर त्यांत एक विषाणूचा रोग शिरला. रोप खुरटें राही, त्याला गवतासारखे असंख्य फुटवे येत, आणि दाणा मात्र जवळजवळ धरत नसे. फिलिपाईन्समध्यें लॉस बान्योस येथें १९६० सालीं स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनें ह्या रोगास दाद न देणारें बीं शोधण्यास आरंभ केला. सहा हजारांहून अधिक नमुने तपासले गेले. लागवडीचा एकही भात उपयोगी पडला नाहीं. रोगाला तोंड देऊं शकणारा नमुना मिळाला तो एकच, आणि तो होता उत्तर प्रदेशांतून गोळा केलेला एक रानटी भात.

त्या रानटी भाताचें नांव ओरायझा निवारा. हें नांव १९६५ सालीं शर्मा व शास्त्री ह्या भारतीय शास्त्रज्ञांनीं संस्कृतांतील 'नीवार' ह्या शब्दावरून ठेवलें. तो आपल्या देवभाताचा इतका जवळचा आप्त, कीं सामान्य मनुष्यास दोघे वेगळे ओळखतां येणें कठीण. महाकवि कालिदासाच्या 'अभिज्ञानशाकुंतल' नाटकाच्या पहिल्या अंकांत दुष्यंत राजा आश्रम जवळ आल्याचें ज्या खुणांवरून ओळखतो, त्यांत पोपटांच्या ढोलींतून झाडाखालीं सांडलेले नीवाराचे दाणे आहेत. ऋषींच्या आश्रमांतलें हें धान्य कोट्यवधि लोकांच्या उपयोगीं पडावयाचें होतें! पंजाबांत जन्मलेले डॉ. गुरुदेव खुश व त्यांचे सहकारी ह्यांनीं नीवाराचा तो एक गुण संकरानें लागवडीच्या भातांत आणला. त्यांतूनच पुढें १९७६ सालीं प्रसृत झालेली 'आय. आर. ३६' ही जाति निर्माण झाली, व ती १ कोटी हेक्टरांहून अधिक क्षेत्रावर पिकली. जर उत्तर प्रदेशांतील तें तळें त्यापूर्वींच कोणीं बुजविलें असतें, तर?

ह्यावरून रानटी भात म्हणजे केवळ उपकारकर्ताच, असें मात्र कोणीं समजूं नये. तो शेतांत शिरला कीं तण होतो. पिकाशीं त्याचा संकर होतो, दाणे गळतात, आणि शेतकरी कष्टी होतो. छत्तीसगडांत अशा भाताला 'करगा' म्हणतात, व तो ओळखूं यावा म्हणून जांभळ्या पानांच्या भाताची जाति मुद्दाम तयार करावी लागली. शेतांत तो नकोच. परंतु जगांतूनच तो नको, असें म्हणणें आत्मघाताचें होईल.

असेंच एक उदाहरण आपल्या शेजारचें. खार जमिनींतल्या राताला बाजारांत फारसा भाव नसे. दाणा जाड, उत्पन्न बेताचें. परंतु मिठाचा अंश कोंवळ्या पानांपर्यंत पोहोंचूं न देण्याची जी शक्ति अशा भातांत असते, ती गोड्या पाण्याच्या उत्तम जातींत नसते. पनवेल येथील खार जमीन संशोधन केंद्रानें भुऱ्या राताचा संकर भरघोस पिकणाऱ्या जातीशीं करून खाऱ्या जमिनींतही तग धरणारा भात तयार केला. आज समुद्राची पातळी वाढत आहे, व खारें पाणी कोंकणच्या शेतांत अधिक आंत शिरण्याचें भय आहे. अशा वेळीं गरिबांचा म्हणून हिणविलेला तो लाल भातच आधाराला येणार आहे.

आतां आपल्या उपनगरांकडे पुन्हां वळूं. १९५० व १९५७ सालीं हीं गांवें टप्प्याटप्प्यानें बृहन्मुंबईंत आलीं. खाचरांवर चाळी, कारखाने व उंच इमारती उठल्या, तळीं बुजलीं. माणसांना घरें हवींच होतीं. त्याबद्दल कोणास दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु घर बांधतांना शेताबरोबर बींही गेलें, हें कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं. भाताचें बीं घरांत ठेवून टिकत नाहीं. कोंकणच्या दमट हवेंत दोन-तीन पावसाळ्यांनंतर तें उगवत नाहीं. सोनें पेटींत राहतें, बीं पेरल्यावांचून राहत नाहीं. ज्या घराण्यानें शेत सोडलें, त्याच्या कणगींतला भात कांहीं वर्षांतच मेला.

सुदैवानें शास्त्रज्ञांनीं बियांच्या पेढ्या उभारल्या आहेत. आपल्या राष्ट्राची पेढी नवी दिल्ली येथें आहे, आणि लॉस बान्योसच्या पेढींत भाताचे १,३०,००० हून अधिक नमुने आहेत. शून्याच्या कितीतरी खालीं गार केलेल्या कोठड्यांत तें बीं वर्षानुवर्षें जिवंत राहतें. परंतु पेढींतलें बीं निजलेलें असतें. बाहेर रोग बदलतात, पाऊस बदलतो, आणि शेतांतलीं व तळ्यांतलीं रोपें पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याशीं झगडून नवे गुण अंगीं बाणवितात. निजलेल्या बियाला तें शिक्षण मिळत नाहीं. म्हणून पेढीही हवी, शेतही हवें, आणि तळेंही हवें.

विद्यार्थ्यांनीं ह्यांत काय करावें? एक साधें काम आम्ही सुचवितों. आपल्या आजी-आजोबांस, गांवच्या वृद्ध शेतकऱ्यांस विचारावें, कीं त्यांच्या लहानपणीं कोणकोणते भात होते. त्यांचा रंग, वास व पिकण्याचा काळ कसा होता. पेज कोणत्या भाताची चांगली होई, भाकरी कोणत्याची व पोहे कोणत्याचे. तीं नांवें एका वहींत लिहून ठेवावीं. गांवीं कोणाकडे जुनें बीं अजून पेरलें जात असेल, तर तें सोडूं नये अशी त्यांस विनंति करावी. आणि पावसाळ्याच्या अखेरीस एखाद्या तळ्याच्या कांठीं कुसळांचें गवत दिसलें, तर तें उपटूं नये; पिकला दाणा तळहातावर घेऊन सोलून पाहावा. आंत तांदूळ लाल निघाला, तर आपल्या डब्यांतील भाताच्या एका जुन्या आप्ताची भेट झाली असें समजावें.

जीं माणसें हीं नांवें जाणतात, तीं दरवर्षीं थोडीं होत आहेत. तरी पालकांनीं ह्या कामीं मुलांस साहाय्य करावें. पुढील वर्षींच्या अंकांत तुमच्या वहींतील नांवें छापण्यास आम्हांस अतिशय आनंद वाटेल.