बीड जिल्ह्यातील आठवडी बाजार आणि शाळूचे गिऱ्हाईक

ज्वारी हे बीड जिल्ह्यातील रोजच्या भाकरीचे परंपरागत धान्य होय. तथापि परंपरा आहे म्हणून ते विकत घेतले जाते, हे विधान आजच्या बाजाराला लावून पाहिले असता अपुरे ठरते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने पात्र कुटुंबांना गहू २ रुपये व तांदूळ ३ रुपये किलोने देण्याची तरतूद झाली. जानेवारी २०२३ पासून तर हे धान्य विनामूल्य मिळते. असे असूनही जे कुटुंब पदरचे पैसे खर्चून ज्वारी घेते, त्याच्या निवडीमागील कारणे तपासून पाहावयास हवीत.

नेकनूरसारख्या आठवडी बाजारातील जाणते गिऱ्हाईक नुसती ज्वारी मागत नाही. ते शाळू मागते. काळ्या जमिनीतील ओलीवर, कोरड्या थंडीत पिकलेला शाळूचा दाणा टपोरा, मोतिया व चकाकणारा असतो. त्याची भाकरी मऊ होते व गोड लागते. खरिपातील ज्वारीला कणसातच पाऊस लागला की ती बुरशीने काळी पडते. देशातील पहिले संकरित ज्वारीचे वाण १९६४ साली प्रसृत झाले. त्यामुळे उत्पादन वाढले. पण दाणा तळहातावर घेऊन, दाताखाली फोडून भाव करण्याची रीत गेली नाही. १९७२ च्या दुष्काळात परदेशातून आलेल्या लाल मिलोची भाकरी खाल्लेली पिढी अद्याप हयात आहे. तिने रंगावरून धान्य नाकारले, तर त्यास केवळ हौस म्हणता येणार नाही.

२०२३-२४ साठी सरकारने संकरित ज्वारीस क्विंटलला ३,१८० व मालदांडीस ३,२२५ रुपये हमीभाव ठरविला. हा अवघा ४५ रुपयांचा फरक होय. उत्तम शाळूसाठी गिऱ्हाईक याहून पुष्कळ अधिक फरक मोजते. हमीभाव ठरविणारांना वाणातील भेद मान्य आहे. भाकरीतील भेद मात्र त्यांच्या हिशेबात येत नाही.

दुसरे कारण विक्रेत्याविषयीच्या विश्वासाचे. माल कोणत्या शिवारातील, हा प्रश्न भावाच्या आधी येतो. वर्षाची बेगमी एकदाच करणाऱ्या कुटुंबाला खराब दाण्याची शिक्षा कित्येक महिने भोगावी लागते. म्हणून ओळखीच्या शेतकऱ्याकडे पावले वळतात. सणांचा प्रभाव त्या मानाने थोडा. वेळा अमावास्येच्या आंबिलीला लागणारे पीठ ते किती!

परंतु ही सारी पारख हाती रोकड असणाऱ्याची आहे. ऊसतोडणी मजुराला पहाटे भाकरी थापून ती फडावर न्यावयाची असते. त्याची गरज कोणाहून कमी नाही. दिवाळीच्या सुमारास तो उचल घेऊन जिल्ह्याबाहेर पडतो. शाळूची रास बाजारात येते ती फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि तेव्हा तो बहुधा परमुलखातील फडावरच असतो.