बिली राइट

इंग्लंडमधील श्रॉपशायर परगण्यात सेव्हर्न नदीच्या काठी आयर्नब्रिज नावाचे लहानसे गाव आहे. अठराव्या शतकातील लोखंडी पुलावरून त्याला हे नाव पडले. बिली राइट यांचा जन्म या गावी 6 फेब्रुवारी 1924 रोजी झाला. चौदाव्या वर्षी फुटबॉलच्या वेडापायी ते वुल्व्हरहॅम्प्टन वाँडरर्स या संघात दाखल झाले. तेथे अशा मुलांना आधी मैदानाची झाडलोट करावी लागे आणि मोठ्या खेळाडूंचे बूट पुसावे लागत. व्यवस्थापक मेजर बकली यांना हा मुलगा फारच ठेंगणा वाटला. त्याला घरी पाठवण्याचे त्यांच्या मनात होते. सुदैवाने तो बेत त्यांनी बदलला. 1942 मध्ये बिलींचा घोटा मोडला, तरी बरे होऊन ते पुन्हा मैदानात उतरले.

पुढे राइट इंग्लंडचे कर्णधार झाले. 25 नोव्हेंबर 1953 रोजी वेम्बलीच्या मैदानावर हंगेरीशी सामना होता. ब्रिटिश बेटांबाहेरील कोणत्याही संघाने इंग्लंडला त्याच्या भूमीवर तोवर हरवले नव्हते. हंगेरीचा कर्णधार पुश्काश गोलाजवळ आला, तेव्हा राइट चेंडू हिरावण्यासाठी वेगाने घसरत गेले. पुश्काशने तळपायाने चेंडू हलकेच मागे ओढला. राइट रिकाम्या जागेवरून पुढे निघून गेले आणि मागे गोल झाला! इंग्लंड 6-3 ने हरले. पुढील मे महिन्यात बुडापेस्ट येथे तर 7-1 असा दारुण पराभव झाला.

लगेच आलेल्या विश्वचषक स्पर्धेत मधला बचावपटू जायबंदी झाला व ती जागा राइट यांच्याकडे आली. उंचावरून येणारे चेंडू डोक्याने परतवावे लागत असल्याने या जागी उंच खेळाडू घेण्याची रीत होती आणि ती काही चुकीची नव्हती. राइट जेमतेम पाच फूट आठ इंच! परंतु चेंडू कोठे येणार हे ताडून ते नेमक्या क्षणी उसळी घेत आणि धिप्पाड प्रतिस्पर्ध्याच्या आधी तो गाठत. खेळात धसमुसळेपणा नव्हता. पंचांनी त्यांना एकदाही मैदानाबाहेर काढले नाही.

11 एप्रिल 1959 रोजी स्कॉटलंडविरुद्ध ते आपला शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना खेळले. हा टप्पा गाठणारे ते जगातील पहिले फुटबॉलपटू. इंग्लंड 1-0 ने जिंकले आणि सोबत्यांनी त्यांना खांद्यावर उचलून नेले. त्याच वर्षी ते निवृत्त झाले, तेव्हा सामने 105 झाले होते. त्यांपैकी 90 कर्णधार म्हणून. पुढे आर्सेनल संघाचे व्यवस्थापक म्हणून त्यांना तसे यश लाभले नाही.

3 सप्टेंबर 1994 रोजी ते वारले. वुल्व्हरहॅम्प्टनच्या मॉलिन्यू मैदानाबाहेर, जेथे त्यांनी मुलपणी झाडलोट केली होती, तेथे आता हाती चेंडू घेतलेला त्यांचा पुतळा उभा आहे.