अण्णासाहेब किर्लोस्कर : लोकांच्या चालींवर उभे राहिलेले नाटक

पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यात म्हशाची यात्रा भरते. दिवसा बैलबाजार आणि घोंगड्यांची खरेदी, रात्री तमाशाचे फड. गण, गवळण, बतावणी आणि मग वग, हा क्रम शहापूर-मुरबाडच्या प्रेक्षकाला समजावून सांगावा लागत नाही. गोष्ट गाण्यातून पुढे जाते, हे त्याला लहानपणापासून ठाऊक असते. मराठी संगीत नाटकाचा पाया घालणाऱ्या बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्करांनी प्रेक्षकाच्या अशाच जाणकारीवर भरवसा ठेवला.

अण्णासाहेबांचा जन्म ३१ मार्च १८४३ रोजी गुर्लहोसूरला झाला. त्याच वर्षी सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले. भाव्यांच्या नाटकांत पदे सूत्रधार गाई आणि पात्रे आयत्या वेळी सुचेल ते बोलत. अण्णासाहेबांनी तरुणपणी नाटकमंडळ्यांसाठी पदे रचली, शिक्षकी केली, पुढे सरकारी कचेरीत नोकरी धरली. १८८० मध्ये पुण्यात त्यांनी पारशी मंडळीचा 'इंद्रसभा' हा खेळ पाहिला आणि मराठीतही असे नाटक व्हायलाच हवे, असे त्यांच्या मनाने घेतले.

त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला, पुण्याच्या बुधवार पेठेतील आनंदोद्भव नाट्यगृहात 'संगीत शाकुंतल'चे पहिले चार अंक झाले. संहिता बांधीव होती, आणि पात्रे आपापली पदे स्वतः गात होती. मोरोबा वाघोलीकर आणि बाळकोबा नाटेकर यांच्यासारखे गाते नट अण्णासाहेबांना लाभले. पुढे बडोद्याहून आलेल्या भाऊराव कोल्हटकरांच्या आवाजाने तर प्रेक्षकांना वेड लावले.

पदांसाठी अण्णासाहेबांनी कीर्तनातली साकी-दिंडी घेतली, लावणीची चाल घेतली, कानडी मुलखातल्या चालीही घेतल्या. चाल आधीच प्रेक्षकाच्या ओळखीची असल्यामुळे त्याचे सगळे लक्ष शब्दांकडे लागे. त्यामुळे शब्दही बोलीच्या जवळचे ठेवावे लागत. १८ नोव्हेंबर १८८२ रोजी 'संगीत सौभद्र'चे पहिले तीन अंक रंगले, तेव्हा ही हातोटी पुरती साधली होती. रुसलेल्या रुक्मिणीची समजूत काढताना कृष्ण उजाडत चाललेल्या पहाटेचे वर्णन गातो. पदात निसर्ग आहे, पण प्रसंग नवराबायकोच्या रुसव्याचा आहे, आणि पद संपेपर्यंत तो प्रसंग पुढे सरकलेला असतो. पुराणातला देव असा मराठी घरातला माणूस झाला.

गाण्यातून कथा पुढे नेण्याचा असाच प्रयत्न पुढे अमेरिकेतही गाजला. रिचर्ड रॉजर्स आणि ऑस्कर हॅमरस्टीन यांचे 'ओक्लाहोमा!' हे संगीत नाटक न्यूयॉर्कला रंगभूमीवर आले, तो दिवस होता ३१ मार्च १९४३, म्हणजे अण्णासाहेबांच्या जन्माला बरोबर शंभर वर्षे झाली तो दिवस. गाणे कथेत पूर्ण मुरवणारे नाटक म्हणून तिकडे त्याचा गौरव होतो. तिथे हॅमरस्टीन आधी शब्द लिहीत आणि रॉजर्स मग चाल बांधत. अण्णासाहेबांची वाट उलटी होती, पण गाण्याने कथेचे काम करावे हा आग्रह दोन्हीकडे तितकाच पक्का होता.

१८८४ मध्ये 'रामराज्यवियोग'चे तीनच अंक रंगभूमीवर आले. २ नोव्हेंबर १८८५ रोजी, अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी, अण्णासाहेब गेले. पाच वर्षांच्या या कामावर पुढे देवल, श्रीपाद कृष्ण कोल्हटकर, खाडिलकर, गडकरी या नाटककारांची रंगभूमी उभी राहिली.

शहापूर-मुरबाडच्या होतकरू नाटककाराने त्यांच्याकडून ही रीत शिकावी. ठाकर आणि वारली पाड्यांवर लग्नाची गाणी आहेत, तारप्याचे नाच आहेत, गावोगावी भजनी मंडळे आहेत, म्हशाला गवळण आहे. या चाली ज्यांच्या आहेत त्यांचे ऋण नावानिशी मान्य करून, त्यांच्याच आजच्या जगण्याची गोष्ट त्यांत लिहिली, तर या तालुक्यांतून नवे संगीत नाटक उभे राहील. प्रेक्षक तर इथे केव्हाचा तयार आहे.