सहा महिन्यांची गोळी

पाणी पिऊन झालं की चालायचं. बाकावर बसून राहिलं तर भरून यायला वेळ लागतो, असा दवाखान्यातल्या मदतनीस पोराचा अनुभव; म्हणून तो हातात बाटली देऊन म्हाताऱ्यांना बाहेरच्या बोळात फेऱ्या मारायला धाडतो. मूत्ररोगतज्ज्ञ अकोल्याहून ठरल्या वारी वाशिमला येतात आणि त्या दिवशी रिसोड, मालेगाव, मानोऱ्याकडची माणसं सकाळच्या एसटीने इथे उतरतात. गंमत अशी की ही सगळी तहानलेली येतात. दर अर्ध्या तासाला लघवीला लागणाऱ्याला एसटीचा प्रवास म्हणजे धाकच. गाडी थांबवा म्हणायची लाज, म्हणून आदल्या रात्रीपासून पाणी बंद. त्यामुळे डॉक्टर यायच्या आधी या पोराचं पहिलं काम काय, तर कोरड्या पडलेल्या माणसांना भरणं.

डॉक्टरांची आणि येणाऱ्यांची परवानगी घेऊन मी एका कोपऱ्यात बसलो होतो. पेरण्या नुकत्याच उरकल्या होत्या, त्यामुळे गर्दी बरी होती. आतल्या खोलीतलं यंत्र म्हणाल तर अगदी साधं: लोखंडी स्टँडवर प्लास्टिकचं नरसाळं, त्याखाली भांडं, भांड्याखाली वजन मोजणारी चकती. क्षणाक्षणाला वजन किती वाढलं त्यावरून संगणक धारेचा वेग काढतो आणि पडद्यावर रेघ उमटते. निरोगी माणसाची रेघ झटकन चढते, सेकंदाला १५ मिलीच्या पुढे जाते आणि तशीच खाली येते. कमाल वेग १०च्या आत अडकला तर वाटेत अडथळा असण्याची शक्यता मोठी. मात्र निदान १५० मिली लघवी झाली नसेल तर त्या रेघेवर भरवसा ठेवता येत नाही. पुन्हा बाटली, पुन्हा बोळ.

सत्तरीचे एक शेतकरी आत गेले आणि बराच वेळ काहीच घडलं नाही. पोरगा दाराबाहेरून म्हणाला, "घाई नाही काकाजी," आणि त्याने मोरीतला नळ बारीक सोडून ठेवला. त्या आवाजाने बऱ्याच जणांना होते म्हणे. थोड्या वेळाने रेघ हलली, सातपर्यंत चढली, तिथेच रेंगाळली, शून्यावर आली, पुन्हा दोन-तीनवर उठली, पुन्हा बसली. सगळं मिळून दीड मिनिट. बाहेर येऊन त्यांनी विचारलं, "झालो का पास?" लगेच सोनोग्राफी. एवढी खटपट करूनही मूत्राशयात १८० मिली शिल्लक, आणि प्रोस्टेट ५८ ग्रॅमची. तरुणपणी ती २०-२५ ग्रॅमची असते. मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रनलिकेला वेढून बसलेली ही ग्रंथी आतल्या अंगाने वाढली की वाटच आवळली जाते. पण मोठी ग्रंथी म्हणजे मोठा त्रास, असंही नाही. शंभर ग्रॅमची घेऊन निवांत झोपणारे असतात आणि तीस ग्रॅमवर लघवी तुंबलेले असतात.

मग प्रश्नांचा कागद. जगभर वापरतात तोच: सात प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते पाच गुण. बेरीज सातपर्यंत असेल तर त्रास सौम्य, एकोणीसपर्यंत मध्यम, वीसपासून पुढे तीव्र. पोरगा प्रश्न वाचतो आणि उत्तर देणारा शक्यतो उत्तर देत नाही.

"रातच्याले किती खेपा उठता?"

"मोजलं नाही जी."

मागून बायको म्हणाली, "सहा खेपा. कडी वाजली का मले जाग येते."

हा कागद खरं तर बायकोनेच भरावा, असं माझं मत तिथे बसून झालं. पुरुष लपवतो आणि त्याला लपवायला जागाही भरपूर असते. हिवाळ्यात गहू-हरभऱ्याला पाणी द्यायला जो रात्रीच्या लाइनीवर वावरात जातो, तो तिथे किती वेळा धुऱ्याशी उभा राहतो हे घरात कोणाला कळणार? सातानंतर एक वेगळा प्रश्न असतो: उरलेलं आयुष्य असंच काढावं लागलं तर कसं वाटेल? 'आनंद'पासून 'असह्य'पर्यंतच्या पायऱ्यांतून एक निवडायची. काकाजी म्हणाले, "चालते." कागदावर 'चालते'ची पायरी नाही. पोराने त्यांच्या तोंडाकडे एकदा, बायकोकडे एकदा पाहिलं आणि तिच्या तोंडावर जे दिसलं त्यावर खूण केली.

गुदद्वारातून बोटाने करायची तपासणी सगळ्यांना नको असते आणि ती दहा सेकंदांत संपते. ग्रंथी रबरासारखी लागली तर बहुधा साधी वाढ. दगडासारखी किंवा खडबडीत लागली तर कर्करोगाची शंका. साधी वाढ पुढे जाऊन कर्करोग होत नाही, हे डॉक्टर न विचारताही सांगतात, कारण निम्मी माणसं तेवढ्याच भीतीने आलेली असतात.

ही ग्रंथी वाढतेच का, हा प्रश्न क्वचित कोणी विचारतो. या काकाजींनी विचारला. डॉक्टरांनी उलट विचारलं, "गोऱ्हा आन् बैल, यात फरक काय असते?" एवढा वेळ मान खाली घालून बसलेला माणूस एकदम खुलला. गोऱ्ह्याची मान कशी भरते, वशिंड कसं चढते, आणि खच्ची केल्यावर तेच जनावर कसं मवाळ पडून औताला लागते, हे त्यांनी सविस्तर सांगितलं. अंडातून रक्तात उतरणारा रस बंद झाला की अंगाचं काय काय बदलते, हे वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला वेगळं शिकवावं लागत नाही. त्या रसाचं नाव टेस्टोस्टेरॉन, एवढंच डॉक्टरांनी जोडायचं. प्रोस्टेट याच रसावर पोसते. (वयाने ही ग्रंथी वाढणं मात्र गुराढोरांचं दुखणं नाही. ते मुख्यत्वे माणसाच्या आणि कुत्र्याच्या वाट्याला आलं आहे.)

प्रोस्टेट या रसावर पोसते, ही गोष्ट डॉक्टरांनाही फार आधी कळली होती. १८९५ मध्ये फिलाडेल्फियाच्या विल्यम व्हाइट या सर्जनने प्रोस्टेट वाढलेल्या शंभरावर रुग्णांचे वृषण काढल्याचा अहवाल छापला. बहुतेकांची ग्रंथी आकसली, असा त्याचा दावा होता. बीजिंगच्या डॉक्टरांनी १९६० मध्ये चिनी राजदरबारातल्या २६ वृद्ध खोजांची तपासणी केली, तेव्हा बहुतेकांची प्रोस्टेट बोटाला लागेचना. पण लघवीची धार सुधारावी म्हणून खच्ची व्हायला कोण तयार होईल?

सुटका वेगळ्याच वाटेने आली. टेस्टोस्टेरॉन प्रोस्टेटमध्ये पोचल्यावर तिथलं एक विकर त्याचं डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनमध्ये रूपांतर करतं. हा रस मूळ रसापेक्षा कितीतरी जोरकस असतो आणि ग्रंथीच्या पेशींना 'वाढा' हा हुकूम खरं तर तोच देतो. १९७४ मध्ये ज्युलिएन इम्पेराटो-मॅकगिन्ली यांनी डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या एका खेड्यातल्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जन्मतः हे विकर कमी असल्यामुळे ती मुली म्हणून वाढवली जात आणि वयात येताना मुलगे होत. पुढे ही माणसं धडधाकट पुरुष म्हणून जगत, पण त्यांची प्रोस्टेट लहानच राही, टक्कलही पडत नसे. मग टेस्टोस्टेरॉनला हात न लावता फक्त ते विकर अडवलं तर? त्यातून निघालेली गोळी म्हणजे फिनास्टराइड. अमेरिकेत १९९२ मध्ये तिला परवानगी मिळाली, पुढे त्याच जातीची ड्युटास्टराइड आली. केस गळू नयेत म्हणून पंचविशीची पोरं जी एक मिलिग्रॅमची गोळी घेतात तीही फिनास्टराइडच. आजोबांची पाच मिलिग्रॅमची.

वयाने टेस्टोस्टेरॉन उतरत जातं, मग ग्रंथी वाढते कशी? उत्तराचा एक भाग असा की रक्तातला रस घटला तरी ग्रंथीच्या आतला जोरकस रस फारसा घटत नाही; शिवाय म्हातारपणी त्याच्या जोडीला असलेल्या इस्ट्रोजेनचं प्रमाण वाढतं. ही वाढ चाळिशीपासून मुंगीच्या पावलाने चालू असते. पन्नाशी ते साठीच्या निम्म्या पुरुषांच्या ग्रंथीत सूक्ष्मदर्शकाखाली ती दिसते, ऐंशीच्या पुढे दहातल्या जवळजवळ नवांत.

आणि जे वीस-तीस वर्षांत चढलं ते आठवड्यात उतरत नाही. या दवाखान्यातली खरी लढाई इथे आहे. चिठ्ठीवर दोन औषधं असतात. टॅमसुलोसिन ग्रंथीच्या आणि मूत्राशयाच्या तोंडाच्या स्नायूंना सैल करतं. दोन-चार दिवसांत धार सुटते, माणूस खूश. ते ग्रंथी तसूभरही लहान करत नाही. लहान करते ती दुसरी, फिनास्टराइड किंवा ड्युटास्टराइड, तीही पाव हिश्शाने, आणि त्याला सहा महिने लागतात. अमेरिकेतल्या ३,०४७ पुरुषांवरच्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन्ही जातींची औषधं वर्षानुवर्षं मिळून घेणाऱ्यांचं दुखणं वाढण्याचा धोका नुसती साखरगोळी घेणाऱ्यांपेक्षा ६६ टक्क्यांनी कमी भरला. लघवी अचानक तुंबणं आणि ऑपरेशनची पाळी येणं, हे टाळण्यात मोठा वाटा या सावकाश गोळीचा. पण ती काम करताना दिसत नाही. औषधाच्या दुकानात दहाचं पाकीट घेणारा, हातात पैसे कमी पडले की कोणती गोळी सोडेल हे सांगायला नको. दोन्ही औषधं एकाच कॅप्सूलमध्ये मिळतात, तेव्हा वेगळंच होतं: बरं वाटलं की दोन्ही बंद.

सावकाश गोळीचे काही जाच आहेत आणि ते डॉक्टरांनी सांगितलेच पाहिजेत. काहींची इच्छा मंदावते, काहींची छाती दुखरी होते. घरात औषध काढून द्यायचं काम बहुधा सुनेकडे असतं. ती गरोदर असेल तर तुटलेल्या गोळीला तिने हात लावू नये, कारण पोटातल्या मुलग्याच्या घडणीत तोच रस लागतो. जलद गोळीचाही एक पेच आहे, तो जिल्ह्यात मोतीबिंदूची शिबिरं भरतात म्हणून फार महत्त्वाचा. टॅमसुलोसिन घेणाऱ्याच्या डोळ्यातला बुबुळाचा पडदा शस्त्रक्रियेत लुळा पडून मध्ये येऊ शकतो. २००५ मध्ये हे लक्षात आलं. ऐनवेळी गोळी थांबवून धोका जातोच असं नाही. डोळ्यांच्या सर्जनला आधी सांगणं, हाच उपाय. या दवाखान्यात फाइलवर लाल शाईने 'डोळे' असं लिहून ठेवतात.

त्याच सकाळी गोळीच्या पलीकडे गेलेलेही दोघे होते. एकाच्या धोतराखाली नळी आणि कापडी पिशवीत लघवीची थैली. लग्नघरी जाताना सर्दीची गोळी घेतली, वर लांबचा प्रवास, आणि रात्री सगळं तुंबलं. त्यांची दुर्बिणीची शस्त्रक्रिया अकोल्याला व्हायची होती. दुसरे कंबर धरून आले होते. काही महिने मालिश, पट्टा, शेक झाला होता. प्रोस्टेटमधून रक्तात उतरणाऱ्या पीएसए या प्रथिनाचा आकडा चारच्या आत असायला हवा, तो काही शेंवर होता. कर्करोग हाडांत उतरलेला. इथे मात्र रसाचा खेळ झटपट असतो. शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवलं की टेस्टोस्टेरॉन तोडलं की पसरलेला प्रोस्टेटचा कर्करोगही मागे हटतो. १९६६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. वृषण काढल्यावर काही तासांत रक्तातला रस तळाला जातो आणि कित्येकांचं हाडांचं दुखणं दिवसांत उतरतं. इंजेक्शनांनीही तेच साधतं, पण ती महिन्याला किंवा तीन महिन्यांनी घेतच राहावी लागतात, आणि पहिलं घेतल्यावर रस आधी उसळतो, म्हणून सोबत दुसरी गोळी द्यावी लागते. कंबर धरून आलेल्या बाबांचा मुलगा बाहेर येऊन डॉक्टरांशी हळू आवाजात बोलू लागला, तेव्हा ते म्हणाले, "आत चला, बाबांसमोर बोलू. शरीर त्यांचं आहे." हे मला आवडलं.

रिकामी पाकिटं घेऊन या, असं प्रत्येकाला बजावलेलं असतं. मंगरूळपीरकडच्या एका बाबांनी पिशवी टेबलावर उपडी केली. टॅमसुलोसिनची सगळी पाकिटं रिकामी. फिनास्टराइडची दोन रिकामी, एक अर्धं, बाकीची कोरी.

"हे गोयी काहीच करत नाही साहेब. धार तर पयलीनंच सुटली."

डॉक्टर रागावले नाहीत, पीएसएचा कागद पाहत राहिले. आकडा होता २.८. ही गोळी नेमाने घेतली तर सहा महिने ते वर्षभरात पीएसए निम्म्यावर येतो. म्हणून आलेला आकडा दुप्पट करून वाचायचा असतो. मग हे २.८ खरे, की ५.६? अर्धीमुर्धी गोळी घेतलेल्या माणसाचा कागद दोन्ही तऱ्हांनी वाचता येईना. शेवटी त्यांनी तपासणी रद्द धरली आणि चिठ्ठीवर नवी तारीख टाकली.

"आजपासून सहा महिने, एक दिवस खाडा नाही. मग परत रक्त."

बाबांनी बोटांवर मोजलं. "म्हणजे तूर काढाले येईन तवा."

"तूर राहू द्या बाजूला. आधी इथं या."

"आन् तवरी फरक नाही पडला तं?"

"तुम्हाले दिसणार नाही. मशीनवर दिसंन," डॉक्टर म्हणाले, आणि पोराला हाक मारून त्यांच्या हातात पाण्याची बाटली द्यायला सांगितली.